उलट्या पुस्तकाची पोर

खरं सांगते. अक्षर न् अक्षर खरं सांगते, आणि शपथ आधीच घेऊन ठेवते, म्हणजे मध्येच कुणी 'आजी, काहीही काय' म्हणायला नको. यातला एक शब्द जरी माझ्या पदरचा निघाला, तर तोंडात उरलेत तेवढे दात आत्ता इथं तुमच्या मांडीवर गळून पडू देत. मग मला चावून भरवायची पाळी तुमची. चला, ऐका.

एक झाडूवाला होता. डोंगरावर वस्ती, आणि वस्तीत त्याचं घर सगळ्यात वर. इतकं वर, की ढग खाली उतरायला निघाले की आधी त्याच्या ओसरीवर टेकून दम खायचे. घरात तो, त्याची बायको आणि एकुलती एक लेक. उतारावर कमरेएवढं गवत माजायचं. ते कापायचं, पेंढ्या बांधून उन्हात उभ्या करायच्या, वाळल्या की दगडावर आपटून भुसा झाडायचा, मुठी वळायच्या, सुतळीनं आवळायच्या आणि झालेले झाडू डोक्यावर घेऊन खालच्या गावात दुकानदाराकडं पोचवायचे. हातांना गवताच्या पात्यांनी इतक्या चिरा पडलेल्या, की त्यानं कुणाच्या पाठीवरून नुसता हात फिरवला तरी खाज भागायची. बायको म्हणायची, आपल्या घरात खरारा लागत नाही, नवरा आहे.

लिहिणं-वाचणं दोघांनाही ठाऊक नव्हतं. पण लेकीला सगळी वस्ती मास्तरीण म्हणायची.

ती कशी मास्तरीण झाली ते आधी सांगते, कारण घोळ तिथंच आहे. वस्तीवर एका खोलीची शाळा. पुस्तकांची खोकी खालून निघायची, वाटेत प्रत्येक गावात थोडी थोडी उतरायची, आणि शेवटच्या वस्तीवर खोकं पोचायचं तेव्हा तळाला इयत्तेगणिक एक पुस्तक उरलेलं असायचं, बाकी वाळवी. फळा होता, तो ओलीनं फुगून सोलवटला होता. त्यावर खडू ओढला की फळाच खाली यायचा. मग मास्तर काय करणार? पुस्तक आपल्या मांडीवर घ्यायचा, समोर पोरं कोंडाळं करून बसायची, मास्तर गवताची काडी ओळीवरून सरकवायचा आणि काडीमागून पोरं वाचायची.

आता जरा डोळे मिटून बघा. मास्तर इकडं, पोरं तिकडं, मध्ये एक पुस्तक. सुलटं कुणाला?

तर त्या वस्तीची सगळी पोरं उलटं वाचायला शिकली. पुस्तकातली गाय पाय वर करून उभी असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुस्तकातलं जग निराळंच असतं म्हणून कुणी चकार शब्द काढला नाही. पाटीवरसुद्धा जसं दिसतं तसंच काढायची, आणि मास्तर समोर बसलेला, त्याला ती अक्षरं अगदी सरळ दिसायची. तो म्हणायचा, शाब्बास. बाकीची पोरं रडतखडत वाचायची, त्यांचं उलटं काय न सुलटं काय, मोठी झाली की विसरून गवताला लागायची. पण झाडूवाल्याच्या पोरीचं डोकं धारेचं. काडी पोचायच्या आधी ती ओळीच्या टोकाला पोचलेली असायची.

वस्तीवर तरी कळायला नको का? नाही कळलं. वस्तीवरची माणसं कागद म्हटलं की घाबरायची, हातातून सोडायचीच नाहीत. मास्तर पुस्तक धरायचा तसा कागद दोन्ही हातांनी पोटाशी सपाट धरायची, पोर समोर उभी राहून वाचायची, झालं. दम्याची म्हातारी औषधाची बाटली पदरात आडवी निजवून, बूच पोरीकडं करून यायची आणि पोर समोरून सांगायची, सकाळी एक झाकण, संध्याकाळी एक झाकण. म्हातारी तिच्या जिवावर जगली म्हणा ना.

झाडूवाल्याची छाती अशी फुगायची, की सदऱ्याची वरची गुंडी कायम तुटलेली. खालच्या दुकानदारापुढं तर त्याला दुसरा विषय नव्हता. दुकानदार झाडू हातात घेऊन झटकून बघायचा, आणि हा सांगत राहायचा, माझी लेक पावसाच्या आवाजातही पुस्तक वाचते, माझी लेक दिवा नसला तरी वाचते. दुकानदार म्हणायचा, आणा एकदा, बघू तरी. हा म्हणायचा, येईलच की, मोठ्या शाळेत जायची वेळ झाली आता.

मोठी शाळा खालच्या गावात, नदीकाठी. लहान शाळा वर आणि मोठी शाळा खाली. उलट्याची सुरुवात तिथूनच म्हणा.

शाळेच्या पहिल्या दिवशी झाडूवाला स्वतः पोचवायला गेला. झाडूंचा भारा भिंतीशी टेकवला आणि खिडकीच्या गजांना धरून आत बघत राहिला. प्रत्येक पोरापुढं स्वतःचं पुस्तक. एवढी पुस्तकं बघून त्याला चांगल्या वाळलेल्या गवताच्या गंजीपुढं उभं राहिल्यासारखं वाटलं. बाई एकेकाला उठवून वाचायला सांगत होत्या. नदीकाठची पोरं बसल्या जागी घडाघडा वाचायची, कुणी मध्येच हसायचं, म्हणजे वाचलेलं समजतही होतं. मग बाईंनी त्याच्या लेकीला उठवलं.

ती उठली. पुस्तक उचललं, नीट दोन्ही हातांनी फिरवून उलटं केलं, आणि वाचायला लागली. बोट उजवीकडून डावीकडं, खालून वर. कुठं अडखळणं नाही, कुठं श्वास तुटणं नाही. आवाज तर असा खणखणीत, की झाडूवाल्याच्या अंगावर काटा आला.  मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळा वर्ग हसत सुटला.

आणि झाडूवालाही हसला. त्याला वाटलं, पोरांना वाचणं आवडलं. त्याला पुस्तकाची खालची बाजू कुठली न् वरची कुठली, काय ठाऊक? गजातून तोंड पुढं काढून तो पोरांच्या बरोबरीनं हसला, आणि लेकीनं मान वळवून त्याला हसताना बघितलं.

बाई बाकाशी आल्या. पुस्तक तिच्या हातातून घेऊन सरळ केलं आणि म्हणाल्या, "आता वाच."

पोर बघत राहिली. बाईंनी एका अक्षरावर बोट ठेवलं. मग दुसऱ्या. पोरीच्या तोंडून काही निघेना. दुकानदाराची मुलगी त्याच वर्गात होती. ती शेजारणीच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वर्गात उलटी आलीय, बादली आणा."

झालं, नाव पडलं. वर मास्तरीण, खाली उलटी.

शाळा सुटल्यावर बाईंनी झाडूवाल्याला आत बोलावलं. बसायला पोरांचा बाक होता. त्यात त्याचे गुडघे हनुवटीला लागले, आणि अंगावरचं गवताचं कुसळ पुसलेल्या बाकावर सांडलं. तो ते तळहातानं गोळा करत बसला. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, पुस्तक त्याच्यापुढं फिरवून दाखवलं. म्हणाल्या, वरची पोरं दरवर्षी अशीच येतात. वरच्या शाळेत पहिली, आणि इथं आली की शेवटची. नदीकाठची पोरं या वयात गोष्टींची पुस्तकं घरी नेऊन वाचतात, वरच्यांना पाटीवरचं नाव वाचता येत नाही. अक्कल दोघांना सारखीच आहे, पण इथं आल्यावर अंतर वाढतच जातं. एवढी हुशार आणि एवढी उलटी मात्र हीच पहिली. मग म्हणाल्या, सहामाहीला तपासणीचे साहेब येणार आहेत, वरून आलेल्या प्रत्येक पोराचं वाचन ते स्वतः घेतात. तोवर सरळ वाचायला लागली तर वर्गात राहील, नाहीतर तिला दुसरीच्या मुलांत बसवावं लागेल.

झाडूवाल्यानं एवढंच विचारलं, "दुसरीची पोरं केवढी असतात?"

बाईंनी हात जमिनीपासून थोडा वर धरून दाखवला. तो हात कमरेपर्यंतसुद्धा आला नव्हता.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. बायको गवत आपटत होती, ती थांबलीच नाही. म्हणाली, पुस्तकाला उलटं-सुलटं असतं हे मला तरी कुठं ठाऊक होतं, झाडूला असतं एवढं ठाऊक. मग दोघांनी पुस्तक घेतलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. दोन्हीकडून सारखंच काळं. शेवटी गायीचं चित्र सापडलं तेव्हा कुठं वरची बाजू कळली. पोर मात्र गायीकडं बघून म्हणाली, ही पडेल आता.

तो मास्तराला जाब विचारायला गेला. रागात गेला होता, कोयता हातात तसाच राहिलेला. मास्तर शाळेच्या खोलीत एकटा बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग उठला, आपली जागा सोडून पोरांच्या बाजूला येऊन खाली बसला, आणि खुर्चीवर ठेवलेल्या पुस्तकाकडं बघत राहिला. इतकी वर्षं शिकवलं, पण त्या बाजूला तो कधी बसलाच नव्हता. मग त्यानं तोंडावरून हात फिरवला. झाडूवाल्याला त्याच्याकडं बघवेना. तो कोयता पाठीमागं लपवून परत आला.

त्या वर्षी हंगामही तसलाच. गवत कापायच्या दिवसांत धुकं आलं, ते पाहुण्यासारखं पाय पसरून बसलं, उठेचना. ऊन म्हणून जे काही यायचं ते दुधाच्या भांड्यात पाणी टाकल्यासारखं. पेंढ्या वाळायच्या नाहीत, आतून काळ्या पडायच्या. नवरा-बायको दिवसभर त्यांना फेर देत बसायचे. म्हणजे उभ्या पेंढीला थोडं थोडं फिरवत राहायचं, जिकडं ऊन तिकडं ओली बाजू. एकदम गर्रकन फिरवलं तर वाळलेली बाजू पुन्हा ओल धरते. थोडं थोडंच फिरवायचं.

पेंढ्या फिरवता फिरवताच बायको म्हणाली, पुस्तकालाही फेर देऊ.

दुसऱ्या दिवसापासून तसंच सुरू केलं. पोर चुलीपुढं बसायची, आई पुस्तक पुढ्यात धरायची, पोरीच्या सवयीचं उलटंच, पण कणभर तिरकं. तेवढं तिरकं जमलं की दुसऱ्या दिवशी आणखी कणभर. सुरुवातीला मजा होती. पोर वाचायची, आई ऐकायची, बाप सुतळी आवळता आवळता हुंकार द्यायचा. शाळेतून आल्यावर गवत आपटायचं, मग पुस्तक. पोरीच्या डोक्यात इतका भुसा बसायचा, की तिनं मान हलवली की अक्षरांवर शिंतोडे उडायचे. आई फुंकर मारून पान साफ करायची.

पण पुस्तक आडवं झालं आणि गाडं रुतलं. ओळी गवतासारख्या उभ्या राहिल्या. अक्षरं ना इकडची ना तिकडची. पोर मान कलती करून बघायची, आणि ती मान कलतीच राहिली. हे मी वाढवून सांगत नाही. पोर मान कलती करूनच झोपायची, मान कलती करूनच चालायची. पाणी ओतायला गेली की घागरीच्या शेजारी ओतायची. उंबऱ्याला ठेच लागायची, कारण तिच्या लेखी उंबरा भिंतीवर होता. कोंबडी समोरून आली तरी तिला वाटायचं, कडा चढतेय.

त्याहून वाईट म्हणजे, तिचं उलटं वाचणंही गेलं. दम्याची म्हातारी बाटली घेऊन आली, नेहमीसारखी पदरात धरून उभी राहिली. पोरीनं डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि रडायला लागली. म्हातारीला दम लागलेला, ती दारातच बसली. श्वास जमेल तसा एकेक शब्द टाकत झाडूवाल्याला म्हणाली, "खाली पाठवलीस. होतं तेवढंही गेलं. आता माझं काय करू?"

त्यानं म्हातारीला उठवून घरी पोचवलं. औषध अंदाजानं पाजलं. वाटेत कुणी भेटलं की तो गवताकडं बघायचा.

पुढच्या आठवड्यात झाडूंचा भारा घेऊन तो दुकानदाराकडं गेला. दुकानात गिऱ्हाईक होतं. दुकानदारानं एक झाडू उचलला आणि फरशीवर दोन हात मारले. गवत गळून फरशीभर झालं. त्यानं दुसरा घेतला, तोही तसाच. आतली काळी बाजू बोटानं उकलून गिऱ्हाइकाला दाखवली. म्हणाला, "या झाडूबरोबर आणखी एक झाडू घ्या, याचं झाडायला."

गिऱ्हाईक हसलं. झाडूवाला खाली बसून फरशीवरचं गवत हातानं भरायला लागला. धुकं होतं, ऊन नव्हतं, असं काहीतरी म्हणत होता, पण मान खाली होती, त्यामुळं ते फरशीलाच ऐकू गेलं.

तेवढ्यात शाळा सुटली. दुकानदाराची मुलगी आली आणि तिच्यामागून झाडूवाल्याची लेक. तो खाली आला की ती त्याला दुकानाबाहेर रस्त्यावर भेटायची आणि दोघं मिळून वर जायचे, आज पहिल्यांदाच दारात आली. मान कलती, केसांत भुसा, पुस्तक छातीशी. दुकानदाराची मुलगी आपल्या बापाला म्हणाली, बाबा, मी सांगत होते ना ती ही. आणि मान कलती करून दाखवली. दुकानदार हसला नाही, त्यानं नुसतं निरखून बघितलं. मग झाडूवाल्याला विचारलं, "ही तुमची मास्तरीण काय हो?"

झाडूवाला गुडघ्यांवर होता, ओंजळीत काळं गवत.

"छे," तो म्हणाला. "माझी वेगळी. ही शेजारणीची. वर जाताना सोबत नेतो."

बोलला आणि उठला. पोर तिथंच होती, दाराच्या चौकटीला टेकून. तिनं ऐकलं की नाही, हे त्याला तिच्या तोंडावरून कळेना, कारण ते तोंडच तिरकं होतं. वाटेनं वर जाताना तो दोनदा काहीतरी बोलायला थांबला. दोन्ही वेळा ती पुढं गेली. चढ लागला तशी ती भरभर चढत गेली, आणि परत आलेला भारा डोक्यावर घेऊन तो मागं राहिला. घरी बायकोनं विचारलं, झाडू परत का? तो म्हणाला, काळे पडलेत. एवढंच सांगितलं.

त्या दिवसानंतर पोर त्याच्याकडून हुंकार मागेनाशी झाली. पुस्तक आईपुढं धरायची. सकाळी उजाडायच्या आत उठून स्वतःच कुठंतरी कोपऱ्यात बसायची. खाली गेली की दुकानापाशी यायची नाही, गावाबाहेरच्या पुलापाशी उभी राहायची. तो आला की चालायला लागायची. बरोबर नाही, चार पावलं पुढं. शेजारणीची पोर चालेल तशी.

मग एक दिवस धुकं उठलं. असं उठलं, की डोंगराला आपण उघडे पडलो असं वाटलं असेल. पेंढ्या वाळल्या, आणि कसं कोण जाणे, पुस्तकानंही आडवं वळण पार केलं. एकदा ते पार झाल्यावर पुढं सोपं होतं. मान सरळ झाली. वाचणं मात्र पूर्वीसारखं धावेना. नवं वासरू उभं राहतं तसं एकेक अक्षर उभं राहायचं, पाय थरथरायचे, पुन्हा बसायचं. पण सरळ. गाय पायांवर उभी. आई म्हणाली, पडली नाही गं अजून. आणि पोर पुष्कळ दिवसांनी हसली.

सहामाहीला साहेब आले. वरच्या पोरांनी घरचं माणूस बरोबर आणायचं, असा निरोप होता. पोरीनं घरी तो आईला सांगितला. आई म्हणाली, माझे हात बघ, बोटं सुजलीत, आणि आज मुठी वळल्या नाहीत तर गवत परत ओल धरेल. तुझे बाबा येतील. पोर पुस्तक घेऊन ओसरीवर जाऊन उभी राहिली.

झाडूवाल्यानं अंघोळ केली, सदऱ्याला गुंडी लावून घेतली. बरोबर झाडूही घेतले, नव्या वाळलेल्या गवताचे. शाळेच्या मोठ्या खोलीत टेबल मांडलं होतं. मध्ये साहेब, एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला शाळेच्या कमिटीचा म्हणून दुकानदार. त्याला बघितल्यावर झाडूवाल्याचे पाय दारातच थांबले. भारा खाली ठेवावा की घेऊन उभं राहावं, हेच त्याला ठरवता येईना.

साहेबांनी पोरीपुढं पुस्तक ठेवलं. तिचे हात पुस्तकाच्या दोन्ही कडांना गेले.  झाडूवाल्यानं खांद्यावरची सुतळी घट्ट धरली. हात जरासे वळले, थांबले आणि परत खाली आले. पुस्तक सरळच राहिलं. मग ती वाचायला लागली. डावीकडून उजवीकडं. वरून खाली. एक शब्द, मग थांबणं, मग दुसरा. बाहेर नदीकाठची पोरं ओरडत होती, त्यांचा खेळ होऊन संपला तरी पोर अजून अर्ध्या पानावर. साहेबांनी मध्ये तोंड घातलं नाही. पान संपलं तेव्हा तिच्या ओठावर घाम होता.

साहेब बाईंना म्हणाले, "नदीकाठच्यांच्या फार मागं आहे. पण सरळ आहे. राहू द्या वर्गात."

बाईंनी मान खाली घालून डोळे पुसले. मग साहेबांनी पोरीला विचारलं, बरोबर कोण आलंय तुझ्या?

आणि झाडूवाला दारातून आत आला. भारा तिथंच टाकून, थेट टेबलापर्यंत. दुकानदाराच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "मी आलोय. बाप आहे मी तिचा. लेक मला एकच, ती हीच. दुसरी कुठली नाही." दुकानदाराची मान खाली गेली. लेकीनं बापाचा चिरा पडलेला हात धरला आणि दोघं वर निघाले.

असं झालं.

असं बघू नका माझ्याकडं. बरं, सांगते. उलटं वाचणं खरं, पुस्तकाला दिलेला फेर खरा, कलती मान खरी, भिंतीवरचा उंबरासुद्धा खरा. हे शेवटचं तेवढं मी पदरचं घातलं. माझ्याच्यानं राहवलं नाही.

साहेबांनी विचारलं तेव्हा तो दारातच होता. भारा खांद्यावर तसाच. तोंड उघडलं होतं त्यानं, हे मी अजून सांगेन, उघडलं होतं. पण पोरीनं आधी दाराकडं बघितलं, मग दुकानदाराकडं, आणि बापाच्या तोंडून काही निघायच्या आत स्वच्छ आवाजात म्हणाली, "वस्तीवरचे काका आहेत. वर जाताना सोबत नेतात."

बाईंना ठाऊक होतं. त्यांनी मान वर करून झाडूवाल्याकडं बघितलं आणि वाट बघत राहिल्या. 

तो म्हणाला, "हो, साहेब."